मनाची रोजकीर्द: रोजनिशी कशी लिहावी आणि तिच्यातून स्वतःला कसं वाचावं

गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात माझ्या बाबांचं भुसारी दुकान होतं. शुक्रवारचा बाजार उठला की दुकानाच्या फळ्या लावण्याआधी ते गल्ल्यामागे बसून रोजकीर्द लिहीत. लाल कापडी पुठ्ठ्याची उभी, लांब वही. कितीही दमलेले असोत, त्या दिवसाची कीर्द त्याच दिवशी पुरी व्हायची. मी शेजारी तांदळाच्या पोत्यावर बसून बघायचे. पान फाडायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. चूक झाली तर खोडायचं नाही, एक आडवी रेघ मारून बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि रेघेखालचा चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे, हा दुसरा. प्रत्येक नोंदीखाली ती कशाबद्दल आहे ते एका ओळीत लिहायचं, हा तिसरा.

महिना संपला की खतावणी. तारखेप्रमाणे लिहिलेल्या नोंदी उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर घालायच्या. एखाद्या घराची दोन-दोन, चार-चार रुपयांची उधारी कीर्दीत रोज डोळ्यांखालून जाते, पण जाणवत नाही. खात्यावर आली की कळतं, इथे किती थकलंय. बाबा म्हणायचे, "कीर्द वाचून धंदो कळना गो, खतावणी काड."

मीही पुढे हिशेबाच्याच नोकरीत गेले. लग्न होऊन साखळी या गावी आले. इंग्रजीत जिला जर्नल म्हणतात तिला हिशेबाच्या मराठी पुस्तकांत रोजकीर्दच म्हणतात. आपला 'रोजनिशी' हा शब्दही दफ्तरातलाच: फारसी 'रोज' आणि 'नविशी', म्हणजे लिहिणं. फडणवीस आणि चिटणीस यांतला 'नवीस' तोच. हे सांगायचं कारण एवढंच, की मी कॉलेजपासून पाच-सहा वेळा डायरी सुरू केली आणि प्रत्येक वेळी दोन-तीन महिन्यांत ती पडली. गेली अकरा वर्षं मात्र सलग चालू आहे, आणि ती टिकली ती खतावणी सुरू केल्यापासून. लिहिल्यानं मन हलकं होतं हे खरंच आहे. पण आपण कसे आहोत हे लिहिताना कळत नाही, परत वाचताना कळतं. बहुतेकजण ते अर्धं काम करतच नाहीत. म्हणून या लेखात लिहिण्याइतकाच भर वाचण्यावर आहे.

वही आणि पेन

यावर फार वेळ घालवू नका. दोनशे पानी, शिवलेल्या बांधणीची साधी वही घ्या. स्पायरलची नको, तिची पानं फाडायचा मोह होतो. तारखा छापलेली डायरीही नको. एखाद्या दिवशी चार पानं लागतात, एखाद्या दिवशी तीन ओळी, आणि कोरी राहिलेली तारीख उगाच टोचत राहते. पानांना आधी क्रमांक घाला आणि शेवटची वीस पानं खतावणीसाठी सोडा.

गोव्यात राहणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र मनावर घ्यावी: जून ते सप्टेंबर इथला कागद ओला असल्यासारखाच असतो. जेल पेनची आणि शाईच्या पेनाची अक्षरं दमट कागदावर पसरतात, म्हणून पावसाळ्यात बॉलपेन. वही बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. त्या भिंतीला ओल येते आणि महिन्याभरात पुठ्ठ्यावर बुरशी धरते. झाकणाचा पत्र्याचा डबा आणि आत औषधांच्या बाटल्यांतून किंवा बुटांच्या खोक्यांतून मिळणारी ओल शोषणारी पाकिटं, एवढ्यावर माझ्या वह्यांना आजवर कसर लागलेली नाही.

फोनवर लिहिलं तर चालतं का, असं मला नेहमी विचारतात. चालतं. बसमधल्या प्रवासात मीही फोनमध्ये दोन ओळी टिपून ठेवते आणि घरी आल्यावर वहीत उतरवते. पण मुख्य वही कागदाची असावी असं माझं ठाम मत आहे. फोनवर चुकलेलं वाक्य पुसलं जातं, कागदावर रेघेखाली राहतं. आणि आपण काय लिहून मग काय खोडलं, यातच पुष्कळदा खरी गोष्ट असते.

वेळ

पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. अर्धा तास ठरवलात तर आठवड्याभरात गळाल.

ही पंधरा मिनिटं घरात रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधून टाका. आमच्याकडे तिन्हीसांजेला तुळशीपाशी आणि देवाजवळ दिवा लागतो, त्यानंतर मी वही उघडते. कुणाचा सकाळचा पहिला चहा असेल, कुणाचा रात्री ओटा पुसून झाल्यानंतरचा वेळ. 'वेळ मिळाला की लिहीन' असं ठरवून आजवर कुणाला वेळ मिळालेला मी पाहिलेला नाही. फारच धावपळीचा दिवस असेल तर फक्त तीन ओळी: आज काय घडलं, तेव्हा कसं वाटलं, उद्या काय बघायचंय.

रात्री झोप लागत नसेल, डोक्यात उद्याची कामं फिरत असतील, तर निजण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादीच लिहून काढा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाने २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या निम्म्यांनी पुढच्या दिवसांची कामं लिहिली आणि निम्म्यांनी उरकलेली कामं लिहिली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारकाईनं लिहिलेली तितकी लवकर. ही यादी वेगळ्या कागदावर करा. रोजनिशीत तिची गर्दी नको.

नोंद कशी लिहायची

इथे सावकाश जाऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

अकरा वर्षांपूर्वीच्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी मी लिहिलेल्या ओळी अशा: "चवथीची तयारी. दिवसभर राबले. मूड गेला. जाऊबाई नेहमीसारख्याच." ही नोंद मी आज वाचते तेव्हा मला काहीही दिसत नाही. राबले म्हणजे काय केलं? मूड कुठे गेला, कधी गेला? 'नेहमीसारख्या' म्हणजे कशा? ही नोंद नाही, निकाल आहे. पुरावा फेकून दिला आणि निकाल तेवढा ठेवला.

त्याच रात्री झोप येईना म्हणून मी पुन्हा उठून लिहिलं. ते असं (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगतात ती चौकट, कुळागर म्हणजे सुपारीची बाग):

"सकाळी साडेदहा. माटोळी बांधत आली होती. भाऊजी शिडीवरून उतरले. जाऊबाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, यंदा सुपाऱ्यांचा घोस बारीक दिसतो. मी म्हटलं, चालेल, दुसरा बघूया. आणि आत गेले. खतखत्यासाठी सुरण चिरायला घेतला. हाताला तेल लावलं होतं तरी खाज सुटली. कान बाहेरच होते. घशाशी आवंढा. दहा मिनिटांनी लेक तिरफळांचा डबा घेऊन आली, तो तिच्या हातून पडला आणि मी तिच्यावर ओरडले. एवढं ओरडण्यासारखं काही नव्हतं. घोस मामाच्या कुळागरातला. मामाला बरं नव्हतं तरी त्यानं समोर उभं राहून उतरवून घेतला, माझ्यासाठी. हे मी इथे कुणाला सांगितलेलंच नाही."

आणि खाली एक ओळ, बाबांच्या कीर्दीत असायची तशी: "मामाच्या मायेची कुणी दखल घेतली नाही याबद्दल."

ही शेवटची ओळ लिहीपर्यंत मला वाटत होतं, की मी जाऊबाईंवर चिडले आहे.

तर नोंदीत एवढं यायला हवं. आधी प्रसंग: वेळ, जागा, कोण काय बोललं ते त्याच शब्दांत. 'टोमणा मारला' असं लिहू नका, जे वाक्य बोललं गेलं ते लिहा. टोमणा होता की नाही ते नंतर ठरवता येईल. मग अंगात काय झालं: आवंढा, छातीत धडधड, आवळलेला जबडा, थंड पडलेले हात. शरीराला हे मनाच्या आधी कळतं, आणि ते लिहायची आपल्याला सवय नसते. मग आपण काय केलं, गप्प बसलो तर तेही. आणि सगळ्यात शेवटी ती 'याबद्दल'ची ओळ. ही ओळ सुरुवातीला लिहू नका. सुरुवातीला लिहिलेली बहुतेक वेळा चुकीची निघते.

पहिले सात दिवस फक्त असे प्रसंग लिहा, दिवसाला एक. मोठा शोधू नका. बसमध्ये जागा असून उभं राहिलात, दूधवाल्याला पैसे देताना मागचा हिशेब विचारायचं टाळलंत, मासळी बाजारात भाव करताना आवाज चढला, यातलं काहीही. 'मी कोण आहे', 'माझ्या आयुष्याचं ध्येय काय' असले प्रश्न घेऊन पहिल्याच पानावर बसलात, तर लिहाल ते चांगलं दिसणारं असेल, तुमचं नसेल.

भावनेचं नाव, आणि कुठल्या भाषेत

दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक नोंदीत भावनेला नेमकं नाव द्यायचा प्रयत्न करा. 'वाईट वाटलं' आणि 'राग आला' या दोन वाक्यांवर आपण अख्खं आयुष्य भागवतो. मराठीत केवढे शब्द आहेत बघा: चीड, संताप, रुसवा, हिरमोड, हेवा, खजील होणं, ओशाळणं, कानकोंडं होणं, घालमेल, हुरहुर, रुखरुख, चुटपुट, सल. रुखरुख आणि सल यांत फरक आहे. रुखरुख एखादी गोष्ट राहून गेल्याची असते आणि ती निवते. सल आत रुतलेला असतो. कुणावर रुसलो असलो तर त्यानं समजूत काढावी असं वाटत असतं. चीड आलेली असेल तर तो समोरही नको असतो. तुम्ही 'राग' लिहिलंत आणि मुळात तो रुसवा होता, तर पुढचं वागणंही चुकतं.

नाव दिल्यानं नुसतं वर्णन सुधारतं असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूचं चित्रण करून दाखवलं, की भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते. भीती आणि धोक्याच्या जाणिवेशी हा भाग जोडलेला आहे.

आता आपला, गोव्यातल्यांचा खास प्रश्न. आमच्या घरात बोलणं कोकणीत, शाळा मराठीत झाली, कचेरीत इंग्रजी. मग लिहायचं कशात? मी मराठीत लिहिते, कारण वाचन मराठीचं आणि हात त्याला सरावलेला. पण जे वाक्य कोकणीत मनात आलं ते कोकणीतच ठेवते. मराठीत आपल्याला वाईट 'वाटतं', कोकणीत "म्हाका वायट दिसलें". भावना समोर उभी राहून दिसते म्हणे. आईबद्दल मी जेव्हा मराठीत लिहिते तेव्हा वाक्यं नीटनेटकी होतात. जिथे तिचं बोलणं कोकणीत उतरतं तिथे माझा हात थरथरतो. मुलं पुष्कळदा इंग्रजीत लिहितात, त्यांनाही हेच सांगेन: भांडण ज्या भाषेत झालं त्या भाषेत ते लिहा. कुठली वाक्यं आपण कुठल्या भाषेत लपवतो, हेही वर्षभरानं वाचताना उमगतं. शुद्धलेखनाकडे मात्र अजिबात बघायचं नाही.

'का' विचारण्याआधी 'काय'

अडकलात की स्वतःला प्रश्न विचारा, पण 'मी अशी का आहे' हा नको. 'का'चं उत्तर मन चटकन रचून देतं: लहानपणी असं झालं, नशीबच तसं, माझा स्वभावच तो. आणि चौकशी तिथेच बंद पडते. त्याऐवजी लहान प्रश्न: त्याआधी काय घडलं होतं? कोणासमोर असं होतं आणि कोणासमोर होत नाही? मला त्या क्षणी काय हवं होतं? मी कशाची वाट बघत होते? हेच जर माझ्या मैत्रिणीनं मला सांगितलं असतं, तर मी तिला काय म्हटलं असतं?

शेवटचा प्रश्न मला फार उपयोगी पडला आहे. स्वतःला नावानं हाक मारून, 'अगं, तू काल जे बोललीस ना...' असं सुरू करून एक परिच्छेद लिहून बघा. आपण स्वतःशी किती कठोर भाषेत बोलत असतो ते लगेच लक्षात येतं, कारण मैत्रिणीशी तसं बोलायला जीभ वळत नाही.

जड गोष्टी लिहिताना

मृत्यू, फसवणूक, आजारपण, लहानपणी झालेला अत्याचार. या गोष्टी कधीतरी वहीत येतातच. त्यांच्यासाठी वेगळी रीत आहे.

१९८६ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी कॉलेजच्या ४६ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या घटनेवर. घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही एकत्र लिहिणाऱ्यांना पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. पण लिहिण्याच्या त्या दिवसांत त्यांची मनःस्थिती अधिक खालावली होती, हे विसरू नका. नंतर जगभर असे शेकडो प्रयोग झाले. सरासरी परिणाम होतो पण तो लहान असतो, असं दिसलं आहे. पेनेबेकर यांना पुढे असंही आढळलं, की चार दिवसांत ज्यांच्या लिखाणात 'कारण', 'म्हणून', 'आता लक्षात येतं' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. तीच ती व्यथा रोज त्याच शब्दांत लिहिणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही.

म्हणून ठरवून चार दिवस घ्या, एकाच विषयावर, रोज पंधरा मिनिटं, आणि थांबा. घटना अगदी ताजी असेल तर आत्ता लिहू नका. बाबा गेल्यावर मी तिसऱ्या दिवशी वही घेऊन बसले होते. चार ओळींनंतर श्वास लागला आणि वही मिटली. पाच महिन्यांनी लिहू शकले. लिहिल्यानंतर ताबडतोब झोपायला जाऊ नका. हातपाय धुवा, अंगणात जा, कुणाशी तरी साधं बोला. चार दिवसांनंतरही तोच प्रसंग डोक्यातून हटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, जगणं नको असे विचार वहीत उतरत असतील, तर ते काम वहीचं नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. गोव्यात बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही, आणि जाताना वही बरोबर नेलीत तर डॉक्टरांना सांगायला सोपं जातं.

खतावणी

आता मुख्य काम. महिन्याचा शेवटचा रविवार, एक तास, घर शांत असेल तेव्हा.

पहिल्यांदा महिन्याच्या नोंदी हातात पेन न घेता, सलग वाचून काढा. लाज वाटेल, काही पानं उलटून पुढे जावंसं वाटेल. त्या पानांचे क्रमांक लक्षात ठेवा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा आणि खुणा करा: माणसांची नावं, परत परत आलेले शब्द, शरीराच्या तक्रारी, 'एकदा असं करायला हवं' अशी वाक्यं.

मग मागच्या पानांवर खाती उघडा. पाचापेक्षा जास्त नको. माझी पहिली पाच होती: घरातली माणसं, काम, शरीर, पैसा, आणि शब्द. प्रत्येक खात्यात तारीख, पान क्रमांक आणि चार-पाच शब्द एवढंच उतरवायचं. स्पष्टीकरण नाही, मतही नाही. हिशेबाच्या वहीसारखी दोन अंगं ठेवा: डावीकडे जमा, म्हणजे ज्यानं बळ आलं ते, उजवीकडे नावे, म्हणजे ज्यात बळ गेलं ते. कुठली नोंद कुठे घालायची याचा निर्णय नोंदीत लिहिलेल्या अंगाच्या खुणा वाचून करा. 'भिशीला गेले, मजा आली' असं लिहिलं असेल आणि पुढच्याच ओळीत डोकं दुखत असेल, तर ती नोंद नावे.

मी पहिल्यांदा हे केलं ते त्याच चवथीनंतर. 'शब्द' खात्यात 'चालेल' हा शब्द उतरवत गेले आणि थांबले तेव्हा सतरा नोंदी झाल्या होत्या. एका महिन्यात सतरा वेळा मी कुणाला तरी 'चालेल' म्हटल्याचं माझ्याच हातानं लिहिलं होतं. त्यातलं खरोखर चाललेलं फक्त चार वेळा. उरलेल्या तेरांपैकी नऊ दिवशी संध्याकाळी एक तर माझं डोकं दुखलेलं होतं, नाही तर मी लेकीवर चिडलेली होते. नऊही तारखा शेजारी-शेजारी उतरवल्या तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. मला आजवर वाटत होतं की मी समजूतदार आहे आणि लेक हट्टी आहे. लेक सात वर्षांची होती.

जमेच्या बाजूलाही अनपेक्षित काही निघतं. मी स्वतःला माणसांत रमणारी समजत होते. पण ज्या दिवशी मी एकटीनं वाळवंटी नदीच्या काठानं विठ्ठलाच्या देवळापर्यंत चालत गेले होते, त्या दिवसांच्या नोंदी लांब आणि शांत होत्या. महिन्यात असे तीनच दिवस निघाले.

खाती भरून झाली की खाली एका वाक्यात शिल्लक लिहा. उपदेश नको. त्या महिन्याची माझी शिल्लक होती: "जिथे नाही म्हणायचं तिथे चालेल म्हणते आणि त्याचं बिल लेक भरते."

वर्षाच्या शेवटी बाराही शिल्लक वाक्यं एका पानावर उतरवून काढा. ही तुमची तेरीज, म्हणजे सगळ्या शिलकांची एकत्र यादी. तिथे खोट उघडी पडते. 'वाचन माझ्यासाठी फार महत्त्वाचं' असं मी दरवर्षी लिहीत होते आणि सात महिने त्या खात्यात एकही नोंद नव्हती. मग निर्णय करावा लागतो: वाचन खरंच महत्त्वाचं असेल तर दिवसातून वेळ काढायचा, नाही तर तसं म्हणणं सोडायचं. दोन्ही प्रामाणिक आहेत.

एका वेळी एकच बदल

खतावणीतून दहा दोष दिसतील. एकच उचला, तोही लहान, आणि त्याला प्रसंग जोडून लिहा: 'अमुक झालं तर मी अमुक करेन.' 'मी ठाम राहीन' हे वाक्य कुणालाही पाळता येत नाही. माझं वाक्य होतं: "कुणी काही मागितलं आणि तोंडात चालेल आलं, तर आधी 'बघून सांगते' म्हणेन." पंधरा दिवस. रोजच्या नोंदीच्या शेवटी फक्त एवढंच: म्हटलं की नाही, आणि पुढे काय झालं.

पंधरा दिवसांत सहा वेळा म्हणू शकले. चार वेळा समोरच्याला काहीच फरक पडला नाही, आणि मला वाटणारी भीती निव्वळ माझीच होती हे कळलं. एकदा काम दुसऱ्या कुणीतरी केलं. एकदा सासूबाई दुखावल्या आणि दोन दिवस कमी बोलल्या. तेही लिहिलं. बदलाची किंमत वहीत यायलाच हवी, नाही तर पुढच्या वेळी आपण घाबरून मागे फिरतो.

पुढच्या चवथीला मामाकडून घोस आणला तेव्हा मी दारातच सांगितलं, हा मामानं स्वतः उभं राहून उतरवलाय, बरं नसताना. जाऊबाईंनी तो हातात घेऊन बघितला आणि भाऊजींना माटोळीत मधोमध बांधायला लावला. वर्षभर आधी त्यांना हे माहीत असतं तर त्या तसं बोलल्याच नसत्या. माझ्या खात्यावर त्यांच्या नावे लिहिलेली ती नोंद मी एका रेघेनं काढली. खालचं अजून वाचता येतं.

खंड पडला तर

पडतोच. चवथ, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, आजारपण. राहिलेले दिवस भरून काढू नका. आठवणीतून लिहिलेल्या नोंदी गुळगुळीत होतात. आजची तारीख घाला आणि आज लिहा. हवं तर एवढंच: "एकवीस दिवस लिहिलं नाही." आपण कोणत्या काळात लिहिणं टाळतो हेही खतावणीत एक खातं होऊ शकतं. माझ्या वहीतले मोठे खंड नेहमी पैशाच्या काळजीच्या महिन्यांत पडलेले आहेत.

रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा असा सल्ला सगळीकडे मिळतो. मन मोकळं असताना जरूर लिहा, पण नेमकं लिहा. 'माझं कुटुंब' असं लिहून काही होत नाही. 'भाऊजींनी न सांगता गॅसचा सिलिंडर बदलला' असं लिहा. आणि दुःखाच्या दिवशी हा व्यायाम स्वतःवर लादू नका.

वही कुणाची

भरल्या घरात वही खाजगी ठेवणं अवघड आहे, आणि कुणी वाचेल या भीतीनं माणूस खोटं लिहायला लागतो. एकदा ते सुरू झालं की खतावणीला अर्थ राहत नाही. म्हणून घरच्यांना स्पष्ट सांगा: ही वही माझी, विचारल्याशिवाय उघडायची नाही. कुलुपाची पेटी घेतलीत तर त्यात चोरी नाही. दुसऱ्यांची गुपितं लिहायची वेळ आली तर नावाऐवजी अक्षर वापरा, ती माणसं तुमच्या वहीला विचारून आलेली नाहीत. आईवडिलांना कळकळीनं सांगते: मुलांची वही काळजीपोटीसुद्धा वाचू नका. एकदा वाचली गेली की ते मूल पुन्हा कधी मोकळेपणानं लिहीत नाही. मी पुष्कळ मोठ्या माणसांकडून ऐकलंय, की त्यांची वही अशीच कायमची मिटली.

वही भरली की पुठ्ठ्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख घालून डब्यात ठेवा. पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन पडलं की डबा उघडून वह्या सावलीत, वारा लागेल अशा तासभर ठेवा, पुठ्ठे कोरड्या फडक्यानं पुसा आणि ओल शोषणारी पाकिटं बदला. थेट उन्हात नको, अक्षर उडतं.

आपल्यामागे या वह्यांचं काय करायचं तेही लिहून ठेवा, घरच्यांवर तो पेच सोडू नका. माझ्या डब्याच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, लेकीच्या नावे. वाचावंसं वाटलं तर वाच, नाही तर जाळ, दोन्ही चालेल, असं तिच्यात लिहिलंय. तो शब्द लिहिण्याआधी मी तीन दिवस घेतले.